घरच्या कटिंग मशीनवर मोनोग्राम : मशीनला अक्षर नाही, रेघ कळते

मोनोग्राम म्हणजे नावाच्या आद्याक्षरांची एकमेकांत गुंफलेली किंवा एका चौकटीत बसवलेली खूण. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर (१४७१–१५२८) मोठ्या ‘ए’च्या दोन पायांमध्ये छोटा ‘डी’ बसवून चित्रावर सही करायचा. दोनच अक्षरं, पण ती खूण पाचशे वर्षांनंतरही लांबून ओळखता येते. आपल्याकडे स्टीलच्या डब्यांवर, ताटांवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून घेतात, तीही याच जातीची गोष्ट. आता क्रिकट, सिलूएट कॅमिओ, ब्रदर स्कॅन-एन-कट अशी टेबलावर मावणारी कटिंग मशिनं घरोघरी यायला लागली आहेत. त्यांच्यावर रुखवताच्या वस्तू, मुंजीच्या भेटी, पाण्याच्या बाटल्या, टी-शर्ट, कापडी पिशव्या यांसाठी हव्या त्या आद्याक्षरांचा मोनोग्राम कापता येतो. मशीन चालवणं अवघड नाही. अवघड आहे ते कापण्याजोगं डिझाइन करणं, आणि देवनागरीत तर ते रोमनपेक्षा जास्त विचार मागतं.

सुरुवात मशीन नेमकं काय करतं इथून करू. आत एक बारीक ब्लेड असतं. रोलर मटेरियल पुढेमागे सरकवतात आणि ब्लेड डावी-उजवीकडे धावतं. बहुतेक घरगुती मशिनांत हे ब्लेड मोटरने वळवलं जात नाही, नुसतं ओढलं जातं. त्याचं टोक धारकाच्या मधोमध नसतं, किंचित बाजूला असतं. त्यामुळे ट्रॉलीच्या पुढच्या चाकासारखं ते आपोआप चालण्याच्या दिशेला वळतं. कोपरा आला की त्याला जागच्या जागी वळावं लागतं, आणि त्या क्षणी मटेरियल थोडं ओढलं जातं. अगदी छोट्या अक्षरांचे कोपरे गोल होतात किंवा उचकटतात ते यामुळेच. वेग कमी केला की फरक पडतो. पण ८ मिलिमीटर उंचीचं नाजूक अक्षर कोणत्याही वेगाने नीट येत नाही.

संगणकाकडून या मशीनला एकच गोष्ट सांगितली जाते : या रेघेवरून चाल. अक्षर, जाडी, रंग यांतलं त्याला काहीही कळत नाही. पुढच्या बहुतेक अडचणींचं मूळ इथे आहे.

पहिला परिणाम असा, की दोन आकार एकमेकांवर ठेवले तर मशीन दोघांच्याही कडा कापतं. स्क्रीनवर सगळं एकाच रंगात सलग दिसतं आणि कापल्यावर मध्येच चिरा निघतात. देवनागरीत हे हमखास होतं. फाँट बनवताना प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरात थोडी घुसवलेली असते, म्हणजे छपाईत फट दिसत नाही. छपाईला ते योग्यच आहे. ब्लेड मात्र त्या प्रत्येक घुसलेल्या टोकाभोवती फिरतं, आणि प्रत्येक दोन अक्षरांच्या मध्ये शिरोरेषेवर उभी चीर पडते. काना, वेलांटी, उकार यांचंही तेच. उपाय म्हणजे वेल्ड, अर्थात सगळे आकार वितळवून एकच बाह्यरेषा करणं. क्रिकटच्या डिझाइन स्पेस या सॉफ्टवेअरमध्ये त्याला वेल्ड किंवा युनाइट म्हणतात, इंकस्केप या चित्र काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये युनियन. ग्रुप आणि अटॅच यांनी हे काम होत नाही. ग्रुप फक्त हलवण्यासाठी एकत्र धरतो आणि अटॅच मॅटवरची (मटेरियल धरून ठेवणाऱ्या चिकट चटईवरची) जागा पक्की करतो. आतल्या कडा दोन्हींत तशाच राहतात.

दुसरा परिणाम जास्त फसवा आहे. चित्र काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही एक रेघ ओढून तिला ४ मिमी जाडी दिलीत, तर स्क्रीनवर जाड पट्टी दिसते, पण मशीनच्या लेखी ती एकच रेघ असते आणि तिथे फक्त एक चीर पडते. अशा रेघेला आधी ‘स्ट्रोक टू पाथ’ करून खऱ्या पट्टीत बदलावं लागतं.

तिसरा परिणाम म्हणजे फोटो किंवा व्हॉट्सॲपवर आलेलं चित्र थेट कापता येत नाही, कारण त्यात ठिपके असतात, रेघा नसतात. सॉफ्टवेअर ठिपक्यांवरून रेघ शोधून देतं, पण कडा थरथरत्या येतात. मोनोग्राम मुळातच दोन-तीन अक्षरांचा असतो. तो एसव्हीजी, म्हणजे रेघा साठवणाऱ्या फाइलमध्ये नव्याने काढणं हे चित्र साफ करत बसण्यापेक्षा कमी कष्टाचं आहे.

चिकटणार की उभा राहणार?

डिझाइन काढण्याआधी हा प्रश्न विचारा. स्टिकर म्हणून किंवा कापडावर लावायचा मोनोग्राम सलग असलाच पाहिजे असं नाही. सुटे ठिपके, वेगळी अक्षरं ट्रान्सफर टेप (कापलेलं डिझाइन उचलून वस्तूवर नेणारी चिकट टेप) किंवा पाठीची फिल्म जागेवर धरून ठेवते. पण केकवर खोचायचा, दारावर टांगायचा किंवा जाड कार्डपेपरमधून कापून उभा करायचा मोनोग्राम एका तुकड्यातच हवा, नाहीतर उचलताना अनुस्वार मॅटवरच राहतो. रंग भरण्यासाठी कागदाची स्टेन्सिल करायची असेल तर नियम उलटा होतो. तिथे अक्षर म्हणजे भोक, आणि ‘व’ किंवा ‘ब’च्या पोटातला भाग सुटून पडतो. त्याला बाहेरच्या कागदाशी जोडणारे दीड-दोन मिलिमीटरचे पूल ठेवावे लागतात. व्हिनाइलची, म्हणजे स्टिकरच्या पातळ प्लास्टिकची, चिकट स्टेन्सिल असेल तर ही अडचण नाही, पोटातला तुकडा जागेवर चिकटून राहतो.

अक्षरांचा क्रम

रोमन अक्षरांच्या मोनोग्रामची एक रुळलेली पद्धत आहे. मधलं अक्षर मोठं असेल तर ते आडनावाचं, डावीकडे स्वतःच्या नावाचं आणि उजवीकडे मधल्या नावाचं. जोडप्यासाठी डावीकडे पत्नीचं, मध्ये आडनावाचं, उजवीकडे पतीचं. तिन्ही अक्षरं एकाच उंचीची असतील तर नाव, मधलं नाव, आडनाव असा नेहमीचाच क्रम.

मराठीत ही मोठ्या मधल्या अक्षराची युक्ती जशीच्या तशी उचलू नये असं माझं ठाम मत आहे. एक तर आपण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव याच क्रमाने वाचतो. दुसरं असं की मधलं अक्षर मोठं केलं की त्याची शिरोरेषाही जाड होते आणि शेजारच्यांच्या शिरोरेषेशी जुळत नाही. शिवाय आपली आद्याक्षरं बहुतेक वेळा मात्रांसकट येतात : सुनीताचं ‘सु’, मीनलचं ‘मी’, देशमुखांचं ‘दे’. उकार खाली जातो, वेलांटी वर जाते. तीन सारख्या उंचीच्या ठोकळ्यांवर आधारलेली रचना तिथे बसत नाही.

आणखी एक काळजी फक्त आपल्यालाच घ्यावी लागते. एकाच शिरोरेषेखाली तीन अक्षरं आली की मराठी डोळा त्यांचा शब्द करून वाचतो. म, ग, र ही आद्याक्षरं जोडलीत तर ‘मगर’ होते. क, प, ट यांचं काय होतं ते सांगायला नको. कापण्याआधी तिन्ही अक्षरं मोठ्याने सलग वाचा. नको तो अर्थ निघत असेल तर अक्षरांच्या मध्ये शिरोरेषेत २ ते ३ मिमी फट ठेवा आणि तिथे गोल ठिपका द्या, किंवा अक्षरं एकाखाली एक मांडा. फट ठेवताना ‘ग’ आणि ‘ण’ यांच्याकडे लक्ष असू द्या. त्यांचा डावा भाग आणि काना शिरोरेषेनेच एकत्र धरलेले असतात. फट त्यांच्या मधोमध पडली तर अक्षर दुभंगतं.

फाँट

मोनोग्रामला सारख्या जाडीचा, गोलसर, ठळक फाँट घ्या. मुंबईच्या ‘एक टाइप’चा बलू यासाठी फार चांगला, त्यांचाच मुक्ता त्याच्या जाड वजनांत चालतो. दोन्ही ओपन फाँट लायसन्सखाली मोफत मिळतात आणि विकायच्या वस्तूंवर वापरायलाही मुभा आहे. इतर फाँट घेताना मात्र परवाना वाचा. ‘वैयक्तिक वापरासाठी मोफत’ लिहिलेला फाँट ऑर्डरच्या कामाला चालत नाही.

मोदक हा फाँट दिसायला लोभस आहे, पण त्यातली आतली पोकळी केसाएवढी बारीक आहे. १० सेंटिमीटरच्या अक्षरात ती खुलते, ३ सेंटिमीटरच्या अक्षरात ब्लेडच्या दोन चिरा एकमेकींना खेटतात आणि मधलं व्हिनाइल सुईने काढताना शेजारचंही निघतं. उलट टोकाला रोझा वन. त्याच्या जाड रेघा देखण्या, पण बारीक रेघा इतक्या नाजूक की लहान आकारात त्या चिकटत नाहीत, तुटतात. अंदाजासाठी एवढं धरा : साध्या व्हिनाइलमध्ये सगळ्यात बारीक रेघ १ मिमीपेक्षा कमी नको, रोज हाताळायच्या वस्तूवर दीड मिमी, ग्लिटरच्या किंवा जाड मटेरियलमध्ये आणि कार्डपेपरमध्ये २ मिमी. ‘म’ आणि ‘भ’ यांच्या खालच्या गाठी काही फाँटांत पोकळ असतात, काहींत भरीव. लहान मोनोग्रामला भरीव गाठीचा फाँट निवडलात तर बरीच डोकेदुखी वाचते.

एक मोनोग्राम मापासकट

आता एक डिझाइन पूर्ण करू. अक्षरं मी, सु, दे. बाहेर गोल कडं, आणि शिरोरेषा दोन्ही बाजूंना त्या कड्यात रुतलेली. देवनागरीसाठी ही रचना मला सगळ्यात भक्कम वाटते, कारण शिरोरेषा आपोआपच आडवा दांडा बनते आणि सगळी अक्षरं त्याला लटकतात. सगळं मिळून एकच तुकडा तयार होतो.

इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. त्यात जोडाक्षरं आणि मात्रा योग्य जागी येतात. मशीनच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी टाइप करून मात्रा इकडेतिकडे पळालेल्या दिसल्या तर तिथे झगडत बसू नका, तयार आकृती बाहेरून आणा.

पानाचं माप मिलिमीटरमध्ये ठेवा. ८० मिमी व्यासाचं एक वर्तुळ काढा, फक्त रंग भरलेलं, कडेची रेघ बंद. रेघ चालू राहिली तर तिची जाडी मापात धरली जाते आणि वर्तुळ थोडं लहान येतं. दुसरं ७२ मिमीचं वर्तुळ त्याच्या मधोमध ठेवा, दोन्ही निवडून ‘डिफरन्स’ करा. ४ मिमी जाडीचं कडं तयार झालं.

आता शिरोरेषा. ७० मिमी लांब, ४ मिमी जाड आयत काढा. त्याची खालची कड वर्तुळाच्या केंद्रापासून १२ मिमी वर आणि वरची कड १६ मिमी वर येईल असा ठेवा. ७० मिमी का? त्या उंचीवर कड्याच्या आतली रुंदी खालच्या कडेजवळ सुमारे ६८ मिमी भरते आणि कड्याची बाहेरची रुंदी वरच्या कडेजवळ सुमारे ७३. दांडा ६८ पेक्षा कमी झाला तर कड्याला टेकणार नाही, ७३ पेक्षा जास्त झाला तर बाहेर टोकं डोकावतील. ७० वर तो दोन्ही बाजूंना कड्यात नीट रुततो. आकार लहान-मोठा करायचा असेल तर सगळं एकत्र जोडल्यावरच करा, म्हणजे हे प्रमाण बिघडत नाही.

तिन्ही अक्षरं तीन वेगळ्या मजकुरांत टाइप करा. एकत्र टाइप केलीत तर अंतर हाताने साधता येत नाही. फाँट एकच, आकारही एकच. प्रत्येकावर ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा. या टप्प्यानंतर अक्षर मजकूर राहत नाही, आकृती होते, आणि दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसला तरी बिघडत नाही. ‘सु’चा उकार सोडून अक्षराचा मुख्य भाग शिरोरेषेखाली २६ मिमी येईल इतका आकार ठेवा आणि त्याच पटीत बाकीची दोन. मग अक्षरं सरकवून त्यांच्या स्वतःच्या शिरोरेषा आपल्या ४ मिमीच्या दांड्याखाली पूर्ण झाका. दांडा फाँटच्या शिरोरेषेपेक्षा पातळ असेल तर वर-खाली पायऱ्या दिसतील. तेव्हा दांडा थोडा जाड करा.

या मापात उकाराला मधल्या अक्षराखाली भरपूर जागा मिळते : अक्षराच्या तळापासून कड्यापर्यंत २२ मिमी. म्हणून ‘सु’ मध्ये असणं सोयीचं. उकाराचं अक्षर कडेला आलं तर तिथे वर्तुळ वर वळलेलं असतं आणि उकार कड्याला टेकतो. तो टेकून जोडला गेला तर चालतं, पण अर्धवट टेकून १ मिमीची फट उरली तर ती जागा हमखास फाटते. एक तर स्पष्ट जोडा, नाहीतर किमान २ मिमी अंतर ठेवा. वरच्या बाजूला कडेच्या अक्षरांवर वेलांटी-मात्रेसाठी साधारण १४ मिमी मिळतात. अनुस्वार असेल तर तो सुटा तरंगतो. कार्डपेपरसाठी त्याला दीड-दोन मिमीची मान देऊन शिरोरेषेला जोडा. नक्षीचाच भाग वाटतो.

सगळं निवडा, ग्रुप सोडवा, ‘युनियन’ करा. मग आउटलाइन दृश्य चालू करून पाहा. आत एकही आडवी-उभी रेघ दुसरीला छेदताना दिसता कामा नये. हे दोन मिनिटांचं पाहणं पुढचं सगळं मटेरियल वाचवतं. ‘प्लेन एसव्हीजी’ म्हणून जतन करा. कॅमिओच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीसाठी डीएक्सएफ प्रकारची फाइल काढा. फाइल मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की सगळ्यात आधी माप तपासा, कारण दोन सॉफ्टवेअरांचा हिशेब कधीकधी जुळत नाही आणि ८० मिमीचं वर्तुळ भलत्याच आकाराचं होऊन येतं.

गुंफलेली अक्षरं

दोन अक्षरं एकमेकांतून गेल्यासारखी दाखवायची असतील तर नुसतं वेल्ड करून चालत नाही, सगळ्याचा एक अगम्य गोळा होतो. जिथे एक रेघ दुसरीच्या ‘वरून’ जाते तिथे खालच्या रेघेत फट हवी. ती अशी करतात : वरच्या अक्षराची प्रत काढा, तिला बाहेरच्या बाजूने १ मिमी ऑफसेट द्या, म्हणजे ते अक्षर सगळीकडून १ मिमी फुगतं. ही फुगलेली प्रत खालच्या अक्षरातून वजा करा. आता वरचं अक्षर जागेवर ठेवलं की त्याच्या दोन्ही बाजूंना १ मिमीची मोकळी रेघ दिसते आणि ते वरून गेल्याचा भास होतो.

खरी गुंफण हवी असेल, म्हणजे एका ठिकाणी ‘अ’ वर आणि दुसऱ्या ठिकाणी ‘स’ वर, तर वजाबाकी पूर्ण अक्षराची करू नका. प्रत्येक छेदाच्या जागी फुगलेल्या प्रतीचा तेवढाच तुकडा कापून घ्या आणि तो ज्या अक्षराला खाली जायचं आहे त्यातून वजा करा. छेद मोजा, आणि प्रत्येक अक्षर आळीपाळीने वर-खाली जातंय ना ते पाहा. अशा डिझाइनमध्ये तुकडे सुटे होतात, म्हणून ते स्टिकर आणि कापडासाठीच ठेवा. डिझाइन स्पेसमधलं ‘स्लाइस’ एका वेळी दोनच थरांवर चालतं. बटण मंद दिसलं तर दोनपेक्षा कमी किंवा जास्त थर निवडलेले आहेत असं समजा.

मोठं अक्षर मधून आडवं कापून त्या पट्टीत पूर्ण नाव लिहायचं, ही दुभंगलेल्या अक्षराची तऱ्हाही लोकप्रिय आहे. रोमन जाड अक्षराला ती शोभते. देवनागरी अक्षर मध्येच कापलं की बहुतेक वेळा ओळखूच येत नाही.

मटेरियल आणि कापणी

रस्त्यावरचे रेडियमवाले गाड्यांसाठी जे स्टिकर कापतात, ते याच तत्त्वावरच्या मोठ्या मशीनवर. त्यांच्याकडे व्हिनाइल फुटावर मिळतं आणि सरावासाठी ते स्वस्त पडतं. मात्र नंबरप्लेटचं चकाकणारं, उजेड परतवणारं मटेरियल घरच्या मशीनवर घालू नका. ते जाड असतं आणि ब्लेड लवकर बोथट करतं. बाटली, डबा, काच यांसाठी कायमचं व्हिनाइल घ्या, ओराकल ६५१ या जातीचं. भिंतीसाठी काढता येण्याजोगं, ६३१ या जातीचं.

व्हिनाइल कापताना ब्लेडने फक्त वरचा थर कापायचा असतो, खालचा कागद नाही. म्हणून प्रत्येक नव्या रोलवर कोपऱ्यात १० मिमीचा चौकोन आणि त्यात छोटा त्रिकोण कापून पाहा. त्रिकोण सुईने अलगद निघाला आणि खालच्या कागदावर फक्त हलका ओरखडा दिसला, तर दाब बरोबर. कोपऱ्याशी व्हिनाइल ताणलं जातंय म्हणजे दाब कमी किंवा ब्लेड बोथट. कागदही कापला गेला म्हणजे दाब जास्त. मग साल काढताना डिझाइन कागदासकट सुटतं आणि मॅटवर कायमच्या खाचा पडतात. दाब बदलण्याआधी ब्लेडचा धारक उघडून टोकाला अडकलेला कण काढा. वाईट कापणीचं कारण बहुतेक वेळा तोच असतो.

मॅटवर व्हिनाइल पसरताना बुडबुडे राहू देऊ नका. बुडबुड्यावर ब्लेड सरकतं आणि तिथलं अक्षर वाकडं येतं. कार्डपेपर २०० ते ३०० जीएसएमचा घ्या. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या हवेत कागद ओल धरतो आणि कडा केसाळ येतात, तेव्हा तो सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद पिशवीत ठेवा. कापून झाल्यावर कागद मॅटवरून ओढायचा नाही. मॅट उलटी धरून ती वाकवत कागदापासून सोडवायची, म्हणजे मोनोग्राम गुंडाळला जात नाही.

नको तो भाग काढणं, म्हणजे विडिंग, कापल्यावर लगेच करा. बरेच दिवस ठेवलं तर गोंद चिरेत पसरून कडा पुन्हा चिकटतात. डिझाइनभोवती ५ मिमी सोडून एक चौकट कापलेली असली की सुरुवात सोपी होते. बाहेरचा भाग वर न उचलता मागे दुमडून, कागदाला जवळजवळ टेकवत ओढा. वर उचललं की बारीक रेघा बरोबर येतात. आतल्या पोकळ्या शेवटी. फारच नाजूक डिझाइन असेल तर क्रम उलटा करा : आधी वरून ट्रान्सफर टेप लावा, सगळं पालथं करा, पाठीचा कागद काढा आणि मग नको तो भाग टेपवरून उचला. टेप अक्षरांना धरून ठेवते.

डब्यावर, बाटलीवर लावताना

पृष्ठभागावर तेलाचा अंश राहिला तर कोणतंही व्हिनाइल टिकत नाही, आणि स्वयंपाकघरातल्या स्टीलवर तो असतोच. भांडं साबणाने धुऊन वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि उडून जाऊ द्या. ट्रान्सफर टेपवर मोनोग्राम घ्या, मध्यावर मास्किंग टेपची एक पट्टी लावून तो जागेवर पक्का करा. आता एक अर्धा उचला, कागद काढून तेवढा कापा, आणि मधून बाहेर कडक पट्टीने दाबत बसवा. मग दुसरा अर्धा. सगळा एकदम टेकवला की हवा अडकते. टेप काढताना ती स्वतःवर दुमडून हळू ओढा. अक्षर सोबत उठायला लागलं तर टेप परत खाली ठेवून तिथे घासा आणि दुसऱ्या दिशेने ओढा.

सरळ नळकांड्यासारख्या डब्यावर सपाट डिझाइन नीट बसतं. वर रुंद, खाली निमुळत्या पेल्यावर सरळ शिरोरेषा लावली की ती कमानीसारखी वाकलेली दिसते. तिथे मोनोग्राम लहान ठेवा, किंवा ट्रान्सफर टेपला कडेपासून अक्षरांपर्यंत काप देऊन तुकड्यातुकड्याने बसवा. लावल्यावर तीन दिवस पाणी लागू देऊ नका. आणि भांड्याच्या आत, ओठ टेकतात त्या काठावर किंवा अन्न लागतं तिथे व्हिनाइल लावू नये. तारेच्या घासणीने ते निघतंच. रोज घासायच्या ताट-वाटीवर नाव हवं असेल तर ते ठिपक्यांनी कोरून घेणंच शहाणपणाचं.

कापडावर

कापडाचं उष्णतेने चिकटणारं व्हिनाइल वेगळं असतं. त्याची चकचकीत पारदर्शक फिल्म मॅटकडे, म्हणजे खाली, आणि डिझाइन आरशातल्यासारखं उलटं करून कापायचं. ‘मिरर’चं बटण विसरलं तर सगळं वाया जातं, कारण उलटं अक्षर सुलटं करायचा मार्ग नाही. साध्या प्रकाराला साधारण १५० अंश सेल्सियसला १० ते १५ सेकंद लागतात. नेमका आकडा पाकिटावर पाहा.

घरच्या इस्त्रीने करायचं तर ती सुतीच्या खुणेवर, वाफ बंद, खाली गादीचं इस्त्री-टेबल नको, कडक टेबलावर सुती चादरीची घडी. आधी कापड ५ सेकंद तापवून ओल घालवा. वर बटर पेपर ठेवून इस्त्री दाबून धरा, फिरवू नका. फिरवली की अक्षरं सरकतात. इस्त्रीच्या तळाला वाफेची भोकं असतात, तिथे उष्णता कमी पोहोचते, म्हणून जागा थोडी बदलून पुन्हा दाबा. फिल्म उचलताना कड वर आली तर परत दाबा. नायलॉन आणि पातळ सिंथेटिकवर हे करू नका, कापड वितळतं.

शर्टाच्या छातीवर ८ ते ९ सेंटिमीटरचा मोनोग्राम शोभतो, कापडी पिशवीवर १५ ते २०. टॉवेलच्या फुगीर फासांवर व्हिनाइल धरत नाही. टॉवेलच्या टोकाशी जी सपाट विणलेली पट्टी असते तिच्या रुंदीत मोनोग्राम बसवा. पहिली धुलाई २४ तासांनंतर, कपडा उलटा करून, आणि इस्त्री नेहमी आतल्या बाजूने.